यादीतून गेलेलं नाव

१

सोमवारी सकाळी डायलिसिसच्या खोलीत मास्तरांची खुर्ची रिकामी होती. नर्सनं सांगितलं, मास्तरांना काल फोन आला, किडनी मिळाली आणि ऑपरेशनही झालं. खोलीतला जो तो आपापल्या मशीनला नळ्यांनी बांधलेला, त्यामुळे उठून कुणाला टाळी देता येईना. पण सगळ्यांचे चेहरे उजळले. शेजारच्या खुर्चीवरचे ड्रायव्हरसाहेब सगळ्यात जास्त हसले. वर्षभर दोघांनी मशीनच्या घरघरीत गप्पा मारून वेळ काढला होता.

हसून झाल्यावर मात्र ड्रायव्हरसाहेब मनात हिशोब करू लागले. मास्तरांचा आणि त्यांचा रक्तगट एकच. मास्तरांचं नाव प्रत्यारोपणाच्या यादीत लागलं ते त्यांच्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. मग आपल्याला साधी विचारणासुद्धा कशी झाली नाही?

सुया निघाल्यावर दंडावर कापूस दाबून धरत ते खाली नोंदणीच्या खिडकीवर गेले.

"माझा नंबर कितवा लागतो, जरा बघता का?"

खिडकीतल्या मुलीनं नाव टाइप केलं. परत टाइप केलं. मग स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "चालू यादीत तुमचं नाव दिसत नाही."

"नीट बघा. दोन वर्षं होत आली मला."

"बघितलं. नाव काढलेलं आहे. मागच्या वर्षीच."

"कुणी काढलं?"

"ते मला इथून दिसत नाही."

रांगेतल्या मागच्या माणसानं बाजूला सरकायला सांगितलं. ड्रायव्हरसाहेब सरकले नाहीत. त्यांनी खिडकीच्या कठड्याला हात धरला आणि तिथेच, रांगेच्या पायाशी, खाली बसले.

२

इस्पितळात जिन्याखाली एक बिनखिडकीची खोली होती. दारावर पाटी होती, 'चौकशी'. आत एक बाई बसत. त्यांनी उभी नोकरी पोलिसांच्या गुन्हे शाखेत काढली होती आणि निवृत्तीनंतर इस्पितळानं त्यांना रुग्णांच्या तक्रारींसाठी नेमलं होतं. पाटी वाचून निम्मी माणसं एक्स-रे कुठे, संडास कुठे, हेच विचारायला डोकावत. बाई तेही सांगत. त्यामुळे त्यांचं नावच चौकशीबाई पडलं होतं.

दुपारी त्यांच्यासमोर तीन माणसं होती. खुर्चीत ड्रायव्हरसाहेब. शेजारी त्यांची बायको. नवऱ्याचा धाकटा भाऊ त्यांना वहिनी म्हणे, म्हणून डायलिसिसच्या मजल्यावर सगळेच वहिनी म्हणू लागले होते. आणि दाराला पाठ लावून उभा तो धाकटा. लग्न न केलेला, भावाच्याच घरी राहणारा.

"ह्यांचं नाव कुणीतरी विकलंय," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर दोन वर्षं वाट बघणारा माणूस मागे आणि मागून आलेला पुढे, असं होतंच कसं?"

"विकलं असेल तर सापडेल," चौकशीबाई म्हणाल्या. "आधी मला ह्यांच्याकडून ऐकू दे. अगदी पहिल्यापासून."

ड्रायव्हरसाहेबांनी सांगितलं. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवली होती त्यांनी. एका जागी दोन दिवस बसणं माहीत नव्हतं. यादीत नाव लागलं त्या दिवशी मोठे डॉक्टर भराभर खूप काही बोलले, त्यातल्या तीन गोष्टी ह्यांनी पक्क्या धरल्या. फोन कायम चालू ठेवायचा. इस्पितळापासून दोन तासांच्या पलीकडे जायचं नाही. आणि सारखा फोन करून विचारत बसायचं नाही, वेळ आली की आम्हीच बोलावू.

"मी ते पाळलं," ते म्हणाले. "लेक दिली आहे डोंगरापलीकडे, रात्रभराच्या वाटेवर. तिला मुलगी झाली. नात चालायला लागली आता. मी तिला फोनमध्येच बघितलंय, तेसुद्धा थोडा वेळ. लाइन अडकून राहायला नको."

"आंघोळीलासुद्धा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत नेतात," वहिनी म्हणाल्या. "इस्पितळात यायची बॅग कायम दाराशी भरलेली. खिडकीत बसतात आणि समोरून जाणाऱ्या बसचे गिअर मोजतात."

"आणि ह्या दिवसांत इस्पितळातून एकही फोन आला नाही?"

"आले की. एकदा रक्त परत द्या म्हणून. एकदा तारीख बदलली म्हणून. एकदा तर एक बाई बोलता बोलता वरच्या ऑफिसला विचारायला गेल्या त्या गेल्याच. मी आपला फोन कानाला लावून उभा. हिनं शेवटी जेवायला ओढून नेलं."

"अहो, कामाचं बोला ना," वहिनी म्हणाल्या.

चौकशीबाईंनी प्रत्यारोपण विभागातून समन्वयक मुलीला बोलावून घेतलं. रुग्णांना, नातेवाइकांना, प्रयोगशाळेला, सगळ्यांना फोन करणं हेच तिचं काम, म्हणून सारे तिला फोनताई म्हणत. ती धावतच आली. काय झालंय ते ऐकल्यावर तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"पण ह्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "तुमचं नाव तात्पुरतं थांबवलंय हे मी स्वतः फोनवर सांगितलंय. ह्यांच्याच नंबरवर."

"माझ्याशी असं कुणीही बोललेलं नाही," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"पुरुषाचा आवाज होता. मला चांगलं आठवतंय."

मग वहिनींची मान हळूहळू दाराकडे वळली.

"ह्या दोघा भावांचे आवाज फोनवर ओळखू येत नाहीत," त्या म्हणाल्या.

३

चौकशीबाईंनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि धाकट्याला ठेवून घेतलं. तो अजून दारालाच टेकलेला होता.

"बसा."

"उभाच बरा आहे."

"मी काही तुम्हाला बेड्या घालणार नाही. तो अधिकार गेला माझा. बसा."

तो खुर्चीच्या टोकावर बसला.

"भावाला किडनी द्यायला आधी तुमचंच नाव होतं ना?"

"हो. तपासण्या केल्या. मग डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, धाकटे योग्य नाहीत."

"कारण?"

"वैद्यकीय."

"म्हणजे काय झालंय तुम्हाला?"

तो शर्टाचं बटण चाचपत राहिला.

"मला नुसता चष्म्याचा नंबर बदलला म्हणून सांगितलं तरी मी डॉक्टरांना दहा प्रश्न विचारते," चौकशीबाई म्हणाल्या. "तुमची किडनी चालत नाही म्हणाले आणि तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत?"

धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

"मला भीती वाटली," तो म्हणाला. "दुसरं काही नाही. रिपोर्ट चांगले होते. मग त्यांनी मला एकट्याला एका खोलीत बसवलं आणि विचारलं, मनापासून देताय ना? इतक्या दिवसांत मला तसं कुणी विचारलंच नव्हतं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, हरकत नाही, तुमचा हक्क आहे, घरी आम्ही 'योग्य नाहीत' एवढंच सांगू. मला वाटलं, सुटलो."

"मग?"

"सुटलो कुठे. वहिनीनं धरलंच, भावजींना नक्की कसला आजार आहे. डॉक्टर सांगत नाहीत म्हणजे मोठाच असणार. माझं मीठ बंद केलं, तेल बंद केलं. दादाच्या पथ्याबरोबर माझंही पथ्य. वर्षाच्या वर झालं, मी अळणी खातोय, बाई. नसलेल्या आजाराचं."

चौकशीबाईंना हसू आलं नाही. पोलिसात असताना त्यांनी माणसं कोठडीत बघितली होती. स्वयंपाकघरातल्या पाटावर कोंडलेला माणूस त्या पहिल्यांदा बघत होत्या.

"हे माझ्यापाशीच राहील," त्या म्हणाल्या. "आता सरळ सांगा. तो फोन तुम्ही घेतला होता का?"

"दादा फोन कुणाच्या हातात देतो का? मी नुसता उचलून बाजूला ठेवला तरी ओरडतो." तो उठला, दारापाशी गेला आणि थांबला. "पण एक सांगून ठेवतो. वहिनी मागे एकदा इथे एकटीच आली होती. फोनताईंना भेटायला. आल्यावर मला म्हणाली, दादाला कळू देऊ नको."

४

वहिनींनी नाकारलं नाही.

"आले होते," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा जेव्हा डॉक्टरांनी किडन्या गेल्या म्हणून सांगितलं ना, तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवण नाही, बोलणं नाही. परत तसं झालं तर मला झेपणार नव्हतं. म्हणून मी फोनताईंचे हात धरले. म्हटलं, वाईट काही असेल तर ह्यांना सांगू नका, मला सांगा."

"त्या काय म्हणाल्या?"

"बघू म्हणाल्या."

"आणि मग तुम्हाला कधी काही सांगितलं?"

"नाही ना." वहिनींचा आवाज पहिल्यांदाच हलला. "रोज देवाला दिवा लावावा तशी मी तेवढ्याच भरवशावर बसून होते. मला कुणी काही सांगत नाही, म्हणजे सगळं ठीक चाललंय."

"तुमच्या घरात त्यांचा फोन दुसरं कुणी उचलतं?"

"कुणाची हिंमत आहे?"

धाकटा आणि वहिनी एकमेकांच्या माघारी बोलले होते, तरी दोघांचं उत्तर एकच निघालं. चौकशीबाई जिना चढून मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर एका वॉर्डमधून दुसऱ्या वॉर्डकडे निघाले होते. त्या त्यांच्या बरोबरीनं चालू लागल्या.

"नाव थांबवलं ते कशासाठी?"

"दाढ," डॉक्टर म्हणाले. "जबड्याच्या एक्स-रेमध्ये दाढेच्या मुळाशी पू दिसला. बसवलेली किडनी टिकावी म्हणून जी औषधं देतो त्यांनी शरीराची ताकद पार खाली येते. तेवढा पूसुद्धा जीव घेऊ शकतो. दाढ काढायची, दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायची, जखम भरली की नाव परत यादीत."

चौकशीबाई थांबल्या. म्हणून डॉक्टरांनाही थांबावं लागलं.

"एका दाढेसाठी वर्ष गेलं?"

"मी विचारलं होतं त्यांना. तपासायला आले तेव्हा म्हटलं, दाढेचं बघितलंत का? ते म्हणाले, बघितलं. मग मी चिठ्ठीची वाट बघत होतो."

"दाढेमुळे नाव थांबवलंय, असं तुम्ही त्यांना तोंडानं सांगितलंत?"

"ते समन्वयकानं सांगितलं होतं."

"समन्वयकानं दाढेचं सांगितलं?"

"दाढेचं मी..." डॉक्टर म्हणाले. वॉर्डच्या दारातून कुणीतरी त्यांना हाक मारली. ते वळले नाहीत. "मी सांगितलंच असणार," ते म्हणाले. पण हे ते स्वतःलाच विचारत होते.

५

फोनताईची खोली कपाट आणि टेबल ह्यांच्या मधली फट होती. खुर्चीत बसलं की बाहेर पडण्यासाठी आधी टेबल ढकलावं लागे. टेबलावर दोन फोन. एक वाजायचा थांबला की दुसरा वाजे.

"हे सगळं माझ्यावरच येणार ना?" तिनं विचारलं. "मी लपवलं असं ठरेल. त्यांच्या मिसेस मागे येऊन गेल्या होत्या, तेही निघेल."

"वहिनींचं ऐकून तुम्ही सांगायचं टाळलंत का?"

"उलट. रुग्णाची गोष्ट रुग्णालाच सांगायची असा नियम आहे. म्हणून तर मी मुद्दाम त्यांच्याशीच बोलले. वहिनींना मात्र तसं सांगायचं राहून गेलं." तिनं वाजणारा फोन उचलला, "पाच मिनिटांनी करा," म्हणाली आणि ठेवला. "खोटं बोलत नाहीये मी."

"तुम्ही नेमकं काय बोललात? अर्थ नको, शब्द सांगा."

"ठरलेलं वाक्य आहे. सगळ्यांना तेच सांगते. 'डेंटल क्लिअरन्स येईपर्यंत तुम्हाला होल्डवर ठेवतोय.' कुणाचं डेंटल असतं, कुणाचं हार्टचं, बाकी सगळं तेच."

"आणि ते काय म्हणाले?"

"इतकं शांत कुणीच घेत नाही. लोक रडतात, भांडतात, साहेबांना द्या म्हणतात. ते म्हणाले, 'ठेवा, ठेवा. मी थांबतो.' म्हणून तर लक्षात राहिलं. मला वाटलं, देवमाणूस आहे. तेवढ्यात हा दुसरा फोन वाजायला लागला, म्हणून मी तो ठेवला."

चौकशीबाईंनी ते वाक्य ओठांतल्या ओठांत परत म्हणून बघितलं. टेबलावरचा फोन वाजत राहिला.

"उद्या सकाळी सगळ्यांना माझ्या खोलीत बोलवा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनासुद्धा. राउंड आहे वगैरे चालणार नाही."

"म्हणजे खोटं कोण बोलतंय ते कळलं तुम्हाला?"

"कळलं. कुणीच नाही."

६

बिनखिडकीच्या खोलीत सहा माणसं मावत नव्हती. डॉक्टर उभे राहिले, धाकटाही. फोनताई कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसली. दार लावल्यावर हवा लगेच जड झाली.

"इथे प्रश्न एकच आहे," चौकशीबाई म्हणाल्या. "तो फोन झाला की नाही. ताई म्हणते केला. ड्रायव्हरसाहेब म्हणतात आला नाही. म्हणजे एकतर ती खोटं बोलते, किंवा मध्ये तिसऱ्याच कुणी फोन घेतला. तिसरा म्हटल्यावर सगळ्यांनी धाकट्यांकडे बघितलं."

वहिनींनी मान खाली घातली.

"पण हा फोन आंघोळीलासुद्धा ह्यांच्याबरोबर जातो. घरातली दोन माणसं मला वेगवेगळी हेच सांगून गेली, आणि दोघांनाही ठाऊक नव्हतं की मी दुसऱ्यालाही विचारलंय. तिसऱ्याच्या हाती फोन गेलाच नाही. धाकट्यांना ह्यातून मोकळं करा. त्यांची किडनी का चालली नाही, तो त्यांचा आणि डॉक्टरांचा विषय आहे. त्यावर माझा प्रश्न नाही आणि तुमचाही नसावा."

धाकट्यानं श्वास सोडलेला सगळ्यांना ऐकू आला.

"राहिली ताई. बनवून सांगणारा माणूस आपल्या सोयीचं सांगतो. 'त्यांना समजलं, ते हो म्हणाले.' हिनं मला ह्यांचे शब्द सांगितले, आणि त्याच फोनची दुसरी बाजू मी आधीच, ह्याच खोलीत, ऐकलेली होती. ड्रायव्हरसाहेब, काल तुम्ही एक गोष्ट सांगायला घेतलीत आणि वहिनींनी तुम्हाला गप्प केलं. फोनवर उभं राहिल्याची. ती परत सांगा. त्या बाई काय म्हणाल्या होत्या?"

ड्रायव्हरसाहेब गोंधळले. "ते काही विशेष नाही हो. म्हणाल्या, सेंट्रल क्लिअरन्स येईपर्यंत तुम्हाला होल्डवर ठेवतोय. मला वाटलं, सेंट्रल ऑफिसला विचारायला गेल्या. आमच्या डेपोत तसंच असायचं, वरून क्लिअरन्स आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मी म्हटलं..."

ते थांबले. फोनताईनं तोंडावर हात ठेवला होता.

"काय म्हटलंत?" चौकशीबाईंनी विचारलं.

"ठेवा, ठेवा. मी थांबतो."

दार किलकिलं झालं. एका माणसानं डोकं आत घालून एक्स-रे कुठे म्हणून विचारलं. चौकशीबाईंनी त्याला सांगितलं, पहिला मजला, डावीकडे. दार बंद झालं.

"ती म्हणाली डेंटल. तुम्ही ऐकलंत सेंट्रल," त्या म्हणाल्या. "ती म्हणाली, यादीत होल्डवर. तुम्हाला वाटलं, फोन होल्डवर. तुम्ही म्हणालात थांबतो, म्हणजे लाइनवर. तिला वाटलं, किडनीसाठी थांबायला तयार आहेत. तिनं फोन ठेवला आणि तुम्ही तो कानाला लावून उभे राहिलात."

"अन्न निवून गेलं होतं त्या दिवशी," वहिनी हळूच म्हणाल्या.

"नंतर परत फोन का नाही केलात?"

"विचारत बसू नका म्हणून बजावलं होतं ना."

"आणि डॉक्टरांनी दाढेचं विचारलं तेव्हा?"

"बघितली की मी. आरशात. दुखत तर नव्हती. मला वाटलं, एवढे मोठे डॉक्टर, आपुलकीनं माझ्या दाताचीसुद्धा चौकशी करतात. घरी येऊन हिला कौतुकानं सांगितलं मी."

डॉक्टर भिंतीला टेकले.

"प्रत्येकानं आपलं वाक्य बोलून झाल्यावर काम संपलं असं धरलं," चौकशीबाई म्हणाल्या. "समोरच्याला काय पोचलं ते एकानंही विचारलं नाही. वहिनींना काही कळवणार नाही हे वहिनींना सांगितलं नाही. डॉक्टर ताईवर विसंबले, ताई डॉक्टरांवर, आणि हे दोघांवर. नाव कुणी चोरलं नाही. ते सगळ्यांच्या देखत वर्षभर पडून होतं."

ड्रायव्हरसाहेब आपल्या हातांकडे बघत होते. सुयांनी दंडाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या होत्या.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "ह्या वर्षात मी नातीला बघायला गेलो असतो, तरी चाललं असतं."

"नियमाप्रमाणे बघायचं झालं," डॉक्टरांनी सुरुवात केली, "तर रुग्णाची परिस्थिती—"

"त्यांनी हो की नाही विचारलंय," चौकशीबाई म्हणाल्या.

"हो," डॉक्टर म्हणाले. "चाललं असतं. फक्त डायलिसिसची तिकडे सोय करावी लागली असती."

"आणि मास्तरांना बसवली ती? ती माझी होती?"

डॉक्टरांनी चौकशीबाईंकडे बघितलं. त्यांनी नजर हलवली नाही.

"आधी तुमच्याशी जुळवून बघितली असती," डॉक्टर म्हणाले. "जुळली असती की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण पहिला फोन तुम्हाला गेला असता. आम्ही चुकलो."

वहिनी रडायला लागल्या. धाकटा त्यांच्यामागे जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरसाहेब उठले, आणि ते आता काय करतील ह्या भीतीनं फोनताई स्टुलावरून अर्धी उठली.

"मास्तरांना हे कुणी सांगायचं नाही," ते म्हणाले. "नाहीतर ते अंगात माझ्या वाट्याची किडनी घेऊन कोंडल्यासारखे जगतील."

७

दाढ त्याच आठवड्यात निघाली. दाताच्या डॉक्टरला अर्धा तासही लागला नाही. यादीतली जुनी ज्येष्ठता ड्रायव्हरसाहेबांना परत मिळाली. मधल्या काळात ज्या किडन्या दुसऱ्यांकडे गेल्या त्या अर्थातच परत येणार नव्हत्या. जखम भरेपर्यंत नाव लावता येणार नव्हतं. तेवढ्या दिवसांसाठी फोनताईनं लेकीच्या गावातल्या इस्पितळात डायलिसिसची सोय लावून दिली. तिघं गाडी करून गेले, आणि गाडी ड्रायव्हरसाहेबांनी दुसऱ्या कुणाला चालवू दिली नाही.

परत आल्यावर ते चौकशीबाईंना भेटायला जिन्याखाली आले. चेहरा उन्हानं रापला होता.

"नात कशी आहे?"

"मला बघून रडली. फोनमधला आजोबा एवढा मोठा असतो हे तिला ठाऊक नव्हतं." ते हसले, मग जरा थांबून म्हणाले, "धाकट्यानं घाटात सगळं सांगितलं. किडनीचं. मी गाडी चालवत होतो म्हणून बरं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही."

"रागावलात?"

"रागावलो तर. दोन दिवस बोललो नाही. हीच आधी विरघळली. जेवायला बसलो तर हिनं न बोलता त्याच्या ताटात मीठ वाढलं. तो रडला आणि दोन माणसांचं जेवला." ते परत गंभीर झाले. "आज नाव लागतंय माझं. उद्यापासून परत खिडकीत. पण बाई, गाडी चालवताना एक गोष्ट सारखी डोक्यात येत होती. ताई म्हणाली ना, ठरलेलं वाक्य आहे, सगळ्यांना तेच सांगते. मग होल्डवर मी एकटाच होतो का?"

उभ्या नोकरीत चौकशीबाई कधी गुन्हा उकलल्यावर पुढचा प्रश्न विचारायला विसरल्या नव्हत्या. ह्या वेळी विसरल्या होत्या.

दोघं मिळून वर गेले. फोनताईनं प्रश्न ऐकला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. थांबवलेल्यांची नावं होती. ती बोटानं यादी वर सरकवत गेली, आणि नावं येत राहिली.

"ह्यातल्या किती जणांना माहीत आहे?" चौकशीबाईंनी विचारलं.

"मी सगळ्यांना सांगितलंय," ती म्हणाली; आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

तिनं एका फोनची वायर भिंतीतून उपटून काढली, म्हणजे तो वाजणार नाही. दुसऱ्यावरून पहिल्या नावाचा नंबर लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

"मी इस्पितळातून बोलतेय," फोनताई म्हणाली. तिनं श्वास घेतला. "हा फोन किडनी मिळाल्याचा नाही, हे आधी सांगते. तुमचं नाव सध्या यादीत नाही. बऱ्याच दिवसांपासून नाही. का, ते मी तुम्हाला सावकाश सांगणार आहे, आणि ते नाव परत कसं लावायचं तेही. पण त्याआधी, मी आता काय म्हणाले ते तुमच्या शब्दांत मला सांगाल?"

ड्रायव्हरसाहेब कपाटाला धरून उभे होते. पलीकडून, तिघांनाही ऐकू येईल असा, एका बाईचा आवाज आला.

"पण माझी बॅग तर भरलेली आहे."